दोन वाद्यं, दोघंच वादक

जॅझचा आणि नगर जिल्ह्याचा काय संबंध, असं जामखेडच्या बाजारात कुणाला विचारलं तर तो आधी प्रश्न पुन्हा विचारायला लावील आणि मग हसेल. पण संबंध आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. आपलं जामखेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड-धाराशिवच्या हद्दीला टेकलेलं. तिकडे उत्तरेला गोदावरीच्या काठी पुणतांबा. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक असलेल्या या गावात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. सिनेमाच्या जगाने त्यांना सी. रामचंद्र म्हटलं, आणि जवळच्या मंडळींनी अण्णा.

अण्णांचं नाव निघालं की आपल्याकडे गप्पा थेट जानेवारी १९६३ च्या दिल्लीत जाऊन थांबतात. नेहरू, लता मंगेशकर आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’. त्या गाण्याचं मोठेपण कोण नाकारील? पण त्याच्या आधीची पंधरा वर्षं मात्र त्यामुळे झाकली गेली. ‘शहनाई’ १९४७ चा, ‘अलबेला’ १९५१ चा, ‘आशा’ १९५७ चा. या काळात अण्णांनी हिंदी सिनेमात सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि बोंगो असे काही नाचवले की ऐकणाऱ्याला हे परदेशी आहे याची शुद्धच राहू नये. आणि हे सगळं करताना त्यांच्या कानात अमेरिकेचा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन घुमत होता. अण्णांवर गुडमनचा प्रभाव होता, हे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवलं आहे.

या गुडमनच्याच चौकडीत व्हायब्राफोन आणि पियानो ही दोन वाद्यं प्रथम जोडीने लोकांपुढे आली. पुढे ही जोडी इतकी रुजली की बाकीचे सगळे वादक उठून गेले, आणि दोघंच जण तासभर वाजवत बसले तरी श्रोते जागचे हलेनात. मुंबईत ही दोन्ही वाद्यं होती, ती वाजवणारे उत्तम हात होते, तरीही ती दोघं एकटी समोरासमोर बसली नाहीत. असं का झालं, ते सांगण्यासाठी हा लेख.

व्हायब्राफोन ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. कमरेएवढ्या उंचीच्या चौकटीवर ॲल्युमिनियमच्या ३७ पट्ट्या दोन ओळींत मांडलेल्या असतात. मांडणी पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांप्रमाणेच. प्रत्येक पट्टीखाली एक नळी लोंबते आणि नळीच्या तोंडाशी एक चकती विजेच्या मोटरवर फिरत असते. तिने नळीचं तोंड सारखं उघडतं-मिटतं आणि सुराला कंप येतो. पट्ट्यांना खालून एक लांब, मऊ नमदा लावलेली दांडी टेकलेली असते. पायाने पेडल दाबलं की दांडी खाली सरकते आणि सूर मोकळा घुमत राहतो. पाय उचलला की सूर तिथेच मिटतो. वाजवायच्या काठ्या वेताच्या, टोकाला सूत गुंडाळलेला गोळा. जलतरंग वाजवणाऱ्याला हे वाद्य अगदीच परकं वाटणार नाही.

वाद्य तसं तरुण. १९२१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या लीडी कंपनीने त्याचा पहिला अवतार काढला. आज आपण जो व्हायब्राफोन पाहतो, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा आणि पेडलचा, तो १९२७ मध्ये डीगन कंपनीत हेन्री श्लूटर या कारागिराच्या हातून घडला. सुरुवातीला त्याला संगीतात कुणी फारसं विचारत नव्हतं. रेडिओवर घोषणेआधी दोन-तीन सूर टणटण वाजवायचे, नाटकघरात गंमत म्हणून एखादी धून वाजवायची, एवढंच काम.

१६ ऑक्टोबर १९३० रोजी लॉस एंजेलिसमध्ये लुई आर्मस्ट्राँग ध्वनिमुद्रणाला आले. स्टुडिओच्या कोपऱ्यात हे वाद्य पडून होतं. ‘तुला वाजवता येतं का रे?’ असं त्यांनी आपल्या तरुण ड्रमवादकाला विचारलं. त्याचं नाव लायोनेल हॅम्प्टन. त्याने लहानपणी झायलोफोन हाताळला होता, त्यामुळे पट्ट्यांची मांडणी ओळखीची होती. त्या दिवशी ‘मेमरीज ऑफ यू’ या गाण्यात व्हायब्राफोन वाजला आणि जॅझमध्ये त्याचा प्रवेश झाला. हॅम्प्टन मूळचा ड्रमवादक, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. गडी पियानोसुद्धा दोन बोटांनी वाजवायचा, जणू हातात काठ्याच आहेत. व्हायब्राफोन हे सुरांचं वाद्य आहे की तालाचं, हा प्रश्न त्याने कधी सोडवला नाही, आणि सोडवला नाही तेच बरं झालं.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये गुडमनने हॅम्प्टनला आपल्या लहान संचात घेतलं. क्लॅरिनेटवर स्वतः गुडमन, पियानोवर टेडी विल्सन, ड्रमवर जीन क्रुपा आणि व्हायब्राफोनवर हॅम्प्टन. दोन गोरे, दोन काळे. त्या काळच्या अमेरिकेत अशा मिश्र संचाने लोकांपुढे बसून वाजवणं ही लहान गोष्ट नव्हती. संगीताच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. या चौकडीत बास नव्हता. खालचा आधार विल्सनचा डावा हात देई आणि मधली सगळी जागा पियानो आणि व्हायब्राफोन आपसात वाटून घेत. विल्सन अतिशय नेटका वाजवणारा, प्रत्येक सूर मोजूनमापून टाकणारा. हॅम्प्टन धसमुसळा, हसत-हुंकारत वाजवणारा. त्याच महिन्यात त्यांनी ‘मूनग्लो’ मुद्रित केलं. ते आज ऐकलं तर या जोडीचं सगळं भविष्य त्यात दिसतं. व्हायब्राफोनचा सूर वर तरंगत असतो आणि पियानो त्याच्या खालून, त्याला धक्का न लावता, सरकत जातो.

इकडे मुंबईत त्याच्या एक वर्ष आधी, १९३५ मध्ये, ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादकाचा संच आला. मुंबईच्या जॅझची गोष्ट साधारण तिथून सुरू होते. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक. पुढे ते कलकत्त्यात राहिले आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने गेले. ताजच्या नाचघरात श्रोते म्हणजे साहेब लोक, संस्थानिक आणि श्रीमंत पारशी. पण वाजवणाऱ्यांच्या रांगेत हळूहळू गोव्याची मुलं शिरत होती.

गोव्याच्या या मुलांना तयार केलं ते तिथल्या चर्चच्या शाळांनी. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत आणि तिथे मुलांना व्हायोलिन, सोलफेज म्हणजे सूर वाचून गाणं, आणि युरोपीय स्वरलिपी शिकवली जाई. गावचा मास्तर कडक असे. दहा-बारा वर्षांचं पोर कागदावरचं संगीत पाहता पाहता वाजवू शके. पोटासाठी ही पोरं मुंबईत, कराचीत, रंगूनला, संस्थानांच्या बँडमध्ये पांगली. आल्डोण्याचे अंतोनियो शावियर वाझ त्यांतलेच. ट्रम्पेट घेऊन मुंबईत आलेले हे वाझ लवकरच ‘चिक चॉकलेट’ झाले. आर्मस्ट्राँगसारखी फुंक, आर्मस्ट्राँगसारखा खरखरीत गळा आणि आर्मस्ट्राँगसारखा रुमाल. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे.

अण्णा या जगाच्या बाहेरचे. त्यांचं शिक्षण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे झालं. म्हणजे घराणं ग्वाल्हेरचं, हातात पेटी. सिनेमात आले ते नायक व्हायला. ‘नागानंद’मध्ये कामही केलं, पण ते काही चाललं नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवाले म्हणून लागले. पुढे मास्टर भगवान भेटले. भगवान आबाजी पालव, दादरचा कुस्ती आणि नाच या दोन्हींचा शौकीन मराठी माणूस. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून ही जोडी जमली आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तिचा कळस झाला.

ग्वाल्हेरच्या तालमीतला माणूस गुडमनच्या स्विंगपर्यंत पोचला याचं मला तरी नवल वाटत नाही. पेटीवाल्याचा कान वेगळा असतो. त्याला सारखं दुसऱ्याच्या मागे जायचं असतं, दुसऱ्याने घेतलेला सूर पकडायचा असतो, आणि गवई श्वास घेतो तेवढ्या फटीत आपली एक लहान जागा भरायची असते. जामखेडच्या कलाकेंद्रांमध्ये आजही हे काम रात्र-रात्र चालतं. बारी सुरू झाली की लावणी म्हणणाऱ्या बाईच्या मागे ढोलकी, तबला आणि पेटी. पेटीवाल्याचा डावा हात भाता मारण्यात अडकलेला, म्हणून सूर वाजवायला उजवाच हात मोकळा. दोन्ही हातांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगणं त्याच्या वाद्याला जमत नाही. तरीही फर्माईश आली की लावणीनंतर क्षणात हिंदी गाणं उचलतो, कुठल्याही पट्टीत, कागद न पाहता. आता काही ठिकाणी पेटीच्या जागी कीबोर्ड आला आहे आणि त्याच्यावर व्हायब्राफोनचा आवाज बटण दाबलं की निघतो. वाजवणाऱ्याला त्या आवाजाचं नाव माहीत असण्याची काही गरज नाही.

अण्णा आणि चिक चॉकलेट एकत्र आले, तेव्हा अशा दोन विद्या एकत्र आल्या. एकाला राग, बंदिश, लावणी, ओवी तोंडपाठ. दुसऱ्याला कागदावरचं संगीत आणि ताजचा नाच. अण्णा पेटीवर चाल बांधत. चाल सुचण्याचा त्यांचा वेग अफाट होता, असं त्यांच्याबरोबर काम केलेले सांगत. मग संयोजक ती चाल युरोपीय स्वरलिपीत उतरवी, सॅक्सोफोनला काय, ट्रम्पेटला काय, गिटारला काय हे वेगवेगळ्या कागदांवर लिही आणि वादकांना वाटी. तारदेवच्या फेमस स्टुडिओसारख्या ठिकाणी सगळा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात. कुणी एक चुकला की गाणं पहिल्यापासून. या धबडग्यातून ‘शोला जो भड़के’ निघालं आणि ‘अलबेला’च्या ‘दीवाना परवाना’मध्ये तर चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक झालरीच्या बाह्या घालून पडद्यावरच आले. ‘ईना मीना डीका’तले ‘माका नाका’ हे कोकणी शब्द अण्णांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांच्यामुळे आले. श्रेयनामावलीत मात्र बहुतेक वेळा संगीतकार एकटाच. संयोजक आणि वादक तिथे नसत. ही मोठीच अन्यायाची गोष्ट आहे आणि तिच्यावर आपल्याकडे अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

या सगळ्यांना स्टुडिओत लोटायला सरकारनेही मदत केली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतला नाच-गाण्याचा धंदा बसला. रात्री हॉटेलात वाजवून पोट भरणाऱ्या जॅझवादकांना दिवसा सिनेमात वाजवण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं याच लोंढ्यातली किंवा त्याच्या आगेमागची.

व्हायब्राफोन या लोंढ्यात लॉर्ड घराण्याच्या हातून आला. कावस लॉर्ड हे पारशी तालवादक. लॅटिन अमेरिकी तालवाद्यं हिंदी सिनेमात रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांचे दोन मुलगे, केर्सी आणि बुर्जोर. बुर्जोरना सगळे बुजी म्हणत. केर्सी लॉर्ड १९३५ चे. ज्या वाद्याला पट्ट्या, दांड्या किंवा बटणं आहेत ते वाद्य या माणसाला वाजवता येत होतं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ‘हम दोनों’मधल्या ‘मैं ज़िंदगी का साथ निभाता चला गया’मध्ये लायटरच्या धुनीसारखे टिणटिणणारे सूर आठवतात? तो केर्सींचा ग्लॉकेनस्पील, व्हायब्राफोनचा धाकटा, पोलादी भाऊ. ‘रूप तेरा मस्ताना’मधला अकॉर्डियन त्यांचाच. १९७० च्या दशकात सिंथेसायझर प्रथम मुंबईच्या स्टुडिओत आणणारेही तेच. आणि व्हायब्राफोन तर त्यांचं घरचंच वाद्य.

पण सिनेमात व्हायब्राफोनला काम काय मिळालं, ते पाहा. रात्र आहे, नायिका खिडकीत आहे: व्हायब्राफोन. क्लबमध्ये खलनायक सिगारेट पेटवतो आहे: व्हायब्राफोन. स्वप्न सुरू झालं: व्हायब्राफोनवर खालून वर सरसर काठी. दोन ओळींच्या मध्ये चार मात्रा, कधी आठ. पियानोचंही तेच. नायक पार्टीत पियानोपाशी बसतो, बोटं भलतीकडेच फिरवतो आणि आपल्याला ऐकू येते ती लुसिला पाशेको किंवा रॉबर्ट कोरिया यांच्यासारख्या कुणा न दिसणाऱ्या वादकाची कमाल. गाणं तीन मिनिटांचं, त्यात मुखडा, दोन-तीन अंतरे, साठ-सत्तर वादक. अशा ठिकाणी वाद्य रंग भरतं. बोलायला त्याला वेळ मिळत नाही. मुंबईत माणसं होती, वाद्यं होती, नव्हती ती एवढी मोकळी जागा. आणि ऐकणाऱ्यांनीही ती कधी मागितली नाही, हेही कबूल करायला हवं.

रेडिओचा तर विरोधच होता. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. मुख्य आक्षेप हा की पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. १९५२ पासून केंद्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात सिनेमाची गाणीही आकाशवाणीवरून जवळजवळ गेलीच, आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. केसकर शास्त्रीय संगीताच्या कळकळीने वागले यात शंका नाही, पण कळकळीने केलेल्या बंदीतून संगीताचं भलं झाल्याचं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. ज्याला जॅझ ऐकायचं होतं त्याला शॉर्टवेव्हची खुंटी फिरवून, खरखर सोसत, व्हॉइस ऑफ अमेरिका लावावं लागे. १९५५ पासून तिथे विलिस कॉनोव्हर रोज रात्री जॅझचा कार्यक्रम सादर करीत. मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन आणि जॉन लुईसचा पियानो भारतातल्या अनेकांनी पहिल्यांदा तिथेच ऐकला असणार.

या दोघांचा ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’ १९५२ मध्ये सुरू झाला. जॅक्सनने मोटरचा वेग कमी केला, त्यामुळे हॅम्प्टनच्या काळातला थरथरता कंप जाऊन सूर संथ, दमदार झाला. लुईसला बाखच्या फ्यूगचं वेड. त्यामुळे एक जण सरळ मनापासून ब्लूज वाजवतो आहे आणि दुसरा त्याच्याभोवती कातीव चौकट उभी करतो आहे, असा विलक्षण प्रकार या चौघांत वीस-बावीस वर्षं चालला. जॅक्सनला ती चौकट कधीकधी काचत असे. पण त्या काचण्यातच मजा होती, असं माझं मत आहे.

१९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आपला संच घेऊन भारतात आले. मुंबईत त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलं. मुंबईच्या हॉटेलात त्यांनी डिझी सॅल या नावाने वाजवणारा एडवर्ड साल्ढाना हा तरुण पियानोवादक ऐकला आणि त्याला बॉस्टनच्या बर्कली संगीतशाळेत जाता यावं म्हणून खटपट केली. डिझी सॅल तिथे गेला. १९६० मध्ये त्याच शाळेत इंडियाना राज्यातल्या खेड्यापाड्यातून एक सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला, व्हायब्राफोन स्वतःच शिकलेला. गॅरी बर्टन.

बर्टनचा आदर्श कुणी व्हायब्राफोनवादक नव्हता. पियानोवादक बिल एव्हन्स होता. आपलं वाद्य पियानोसारखं वाजावं म्हणून त्याने प्रत्येक हातात दोन, अशा चार काठ्या धरल्या. चार काठ्या त्याच्या आधीही लोक धरत, पण त्याची पकड अशी पक्की की आज ती त्याच्याच नावाने शिकवली जाते. मोटर तर त्याने बहुतेक बंदच ठेवली. एका काठीने पट्टी वाजवायची आणि लगेच दुसरी काठी त्याच पट्टीवर अलगद टेकवून तेवढा एकच सूर मिटवायचा, बाकीचे घुमत ठेवायचे, ही त्याची खासियत. त्यामुळे सूर एकमेकांत विरघळत नाहीत, आणि वाक्यं स्वच्छ ऐकू येतात.

पियानोवादक चिक कोरिया १९६८ मध्ये थोडे दिवस बर्टनच्या संचात होता. जमलं नाही. दोघंही सारखीच जागा भरायला धावत आणि आवाजाचा गुंता होई. १९७२ मध्ये जर्मनीतल्या एका महोत्सवात दोघंही एकट्याने वाजवायला आले होते. शेवटी सगळ्यांनी मिळून काहीतरी वाजवावं, असं आयोजकांनी सुचवलं. तयार झाले ते हे दोघंच. ऐनवेळी कोरियाची ‘ला फिएस्ता’ ही रचना बसवली आणि वाजवली. लोक उठून उभे राहिले. ईसीएम या ध्वनिमुद्रण संस्थेचे मानफ्रेड आयशर यांनी तबकडी काढायचं ठरवलं. नुसता व्हायब्राफोन आणि पियानो, बास नाही, ड्रम नाही, तासभर कोण ऐकणार, अशी शंका खुद्द बर्टनलाच होती. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी ऑस्लोत काही तासांत काम उरकलं, बहुतेक रचना पहिल्याच झटक्यात. तबकडीचं नाव ‘क्रिस्टल सायलेन्स’. नऊ रचना, त्यांतल्या पाच कोरियाच्या, तीन स्टीव्ह स्वॅलोच्या, एक माइक गिब्जची.

चार वर्षांपूर्वी जे जमलं नाही ते आता का जमलं? संचात होते तेव्हा दोघांमागे ताल धरणारे होते, म्हणून दोघंही भर घालत राहिले. आता मागे कुणीच नाही म्हटल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचं ऐकणं भाग पडलं. एकाने थांबायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. एकाने ताल सोडला तर तो दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर दोघंही पडणार. या जोडीच्या टिकाऊपणाचं मर्म मला इथे दिसतं. दोन्ही वाद्यं आघाताची. दोघांचाही सूर जन्मतानाच मरायला लागतो, तो ताणता येत नाही, फुंकून फुगवता येत नाही. मींड दोघांनाही नाही, ज्या दोषापायी आपण पेटीला तीस वर्षं रेडिओबाहेर ठेवलं तोच दोष. दोघांनाही पेडल, दोघांनाही बारा सुरांची तीच मांडणी, आणि पट्टीही मधल्या तीन सप्तकांत एकमेकांवर चढलेली. गाणारा आणि साथीदार असे ठरलेले दर्जे इथे नाहीत. दर अर्ध्या मिनिटाला साथीदार बदलतो. आणि तरीही आवाज वेगळे राहतात, कारण एकाचा सूर तारेचा आणि लाकडाचा, दुसऱ्याचा धातूचा आणि हवेचा. सतार-सरोद जुगलबंदी ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हे लगेच कळेल, एका फरकासह. आपल्या जुगलबंदीत ताल तबलजीकडे सोपवलेला असतो. इथे तबलजीच नाही.

कोरिया आणि बर्टन पुढे चाळीस वर्षं एकत्र वाजवत राहिले. १९७८ मध्ये मुद्रित केलेली ‘ड्युएट’, १९७९ मधली झुरिकची मैफल, १९९७ ची ‘नेटिव्ह सेन्स’, २००८ ची ‘द न्यू क्रिस्टल सायलेन्स’, २०१२ ची ‘हॉट हाऊस’. ग्रॅमी पुरस्कार पुन्हा पुन्हा मिळाले. इतरांनीही हा रस्ता धरला. व्हायब्राफोनवादक बॉबी हचरसन आणि पियानोवादक मॅककॉय टायनर यांची ‘मॅनहॅटन मूड्स’, बर्टन आणि जपानी पियानोवादक माकोतो ओझोने यांची ‘फेस टू फेस’. टायनरचा डावा हात म्हणजे वादळ. हचरसन त्यात बुडत नाही, उलट त्यावर पाय रोवून उभा राहतो. नाजूकपणाच्या पलीकडेही ही जोडी जाऊ शकते, हे त्या तबकडीने दाखवलं. काही जण या दुकट्यांना फार गोडगोड, हॉटेलच्या दालनातलं संगीत म्हणून नाकं मुरडतात. वाईट वाजवलं तर ते तसं होतंच, त्यात वाद नाही.

मुंबईत १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘राग-जॅझ स्टाईल’ ही तबकडी आली. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर लुसिला पाशेको. एकदाचं सिनेमाच्या वादकांना गाण्याविना वाजवायला मिळालं. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रोलिन्ससारखा माणूस उघड्या आकाशाखाली वाजवून गेला. पण तोवर चिक चॉकलेटना जाऊन अकरा वर्षं झाली होती. अण्णांच्या हाती १९७० च्या ‘घरकुल’नंतर फारसं उरलं नव्हतं, ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले. केर्सी लॉर्ड २०१६ पर्यंत होते. त्यांच्या घराण्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट निघाला, म्हणून निदान त्यांचा चेहरा लोकांना कळला. बर्टनने २०१७ मध्ये काठ्या खाली ठेवल्या आणि चिक कोरिया ९ फेब्रुवारी २०२१ रोजी वारला.

ऐकायचंच असेल तर क्रम असा धरा. आधी गुडमन चौकडीचं ‘मूनग्लो’, मग अण्णांचं ‘शोला जो भड़के’, मग झुरिकची १९७९ ची मैफल आणि सगळ्यांत शेवटी ‘क्रिस्टल सायलेन्स’. सगळं फोनवर मिळतं. फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. व्हायब्राफोनचा खालचा सूर त्यात येत नाही.